धाकट्या जावेचं वजन

१२ जानेवारी, रविवार

आज दौंडहून सासरी, मांडवगणला आले. संबोधी सगळा रस्ता झोपली आणि घराच्या दारात आल्यावर रडायला लागली. शहाणी आहे पोरगी.

भाकरतुकडा ओवाळायला धाकटी जाऊ प्रगती पुढं आली. तिचं बाळंतपण माझ्यामागून महिन्याभरानं झालं. तरी अंगात लग्नाआधीचा पिवळा पंजाबी ड्रेस, आणि तोही कमरेत ढिला. मी आईनं घेतलेल्या मॅक्सीत. कोपऱ्यावरच्या काकू म्हणाल्या, थोरलीला माहेर मानवलं गं, धाकटी तर बाळंतीण हाय असं वाटतच न्हाई. मी हसले. मला अशा गोष्टींचं काही वाटत नाही. प्रत्येकीची बॉडी वेगळी असते.

प्रगतीला आई नाही, म्हणून तिचं बाळंतपण सासूबाईंनी इथंच केलं. म्हणजे माझ्या सासूनं तिला तेल लावलं, शेक दिला, तिचं पोट बांधलं. मला एकदा तरी लावलं का तेल? मी दौंडला होते हे मान्य. पण फोनवर विचारायचं तरी.

संध्याकाळी सासूबाईंनी ट्रंकेतून दोन साड्या काढल्या. पांढऱ्या, निळ्या काठाच्या, दोन्ही अगदी सारख्या. नणंदेच्या, सुवर्णाच्या लग्नाला दोघी जावांनी नेसायच्या. लग्न २३ मार्चला, दौंडला. म्हणजे माझ्या माहेरच्या गावात, माझ्या आईसमोर, माझ्या शाळेतल्या मैत्रिणींसमोर, आम्ही दोघी स्टेजवर शेजारी शेजारी, सारख्या साडीत. पांढऱ्या रंगात माणूस आहे त्यापेक्षा रुंद दिसतं. हे सायन्स आहे.

संकल्प: २३ मार्चपर्यंत बारा किलो. सेफली.

१५ जानेवारी

शहाबानो भाभींकडं ब्लाऊज शिवायला टाकले. प्रगतीनं गुमान हात वर करून टेपनं माप दिलं. मी मापाला लग्नातला ब्लाऊज दिला. भाभी माझ्याकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, माया, टेप लावू दे, दोन मिनिटांचं काम हाय. मी म्हणाले, नको, मार्चमध्ये मी याच मापाची असणार. त्या म्हणाल्या, बरं, पण कापड जरा जास्त आण. मला तो टोमणा वाटला. आणलं नाही.

१७ जानेवारी

यांनी ऑनलाइन वजनकाटा मागवला. मीच सांगितलं होतं. एकाहत्तर दाखवतो. हॉलमध्ये फरशी उंचसखल आहे, म्हणून स्वयंपाकघरात ठेवला. तरी एकाहत्तर. बांगड्या काढल्या, केसांचा पाण्यानं भिजलेला अंबाडा सोडला, तरी तेच. स्वस्तातला काटा घेतला की असंच होतं, असं यांना सांगितलं. हे स्वतः उभे राहिले आणि म्हणाले, माझं तर बरोबर दाखवतोय की. यांचं रांजणगावला कंपनीत क्वालिटीचं काम आहे. घरी आल्यावरसुद्धा क्वालिटीच काढतात.

नंतर प्रगतीला सहज म्हणून उभं केलं. त्रेचाळीस. मला वाटतं काटा खरंच बिघडलेला आहे.

२८ जानेवारी, मंगळवार

दोन्ही बाळांना घेऊन सरकारी दवाखान्यात लसीकरणाला गेलो. संबोधीचं वजन छान. प्रगतीच्या सम्यकचं जेमतेम. सिस्टरनी आम्हालाही काट्यावर घेतलं. सरकारी काट्यावरही एकाहत्तर. म्हणजे घरच्या काट्याची सरकारी काट्याशी मिलीभगत दिसते.

सिस्टर बराच वेळ बोलल्या. अंगावर पाजणाऱ्या बाईनं उपाशी राहायचं नाही, उलट एक भाकरी जास्त खायची. महिन्याला दीड-दोन किलो उतरलं तरी पुष्कळ. चालायचं, पुरेशी झोप घ्यायची, नऊ महिन्यांत चढलेलं नऊ महिन्यांनी उतरतं, घाई कशाला. आणि वजन एकदम झरझर उतरत असेल तर ते चांगलं नाही, लगेच येऊन सांगायचं. हे शेवटचं बोलताना त्या प्रगतीकडंच बघत होत्या. बघणारच. बारीक माणसाकडं सगळेच बघतात. मला दोन मिनिटांत मोकळं केलं आणि तिला आत नेऊन रक्त घेतलं, किती वेळ गप्पा मारल्या. व्हीआयपी.

परत येताना तिला विचारलं, काय म्हणाल्या गं. ती म्हणाली, काय न्हाई, जेवत जा म्हणाल्या. लपवते.

२ फेब्रुवारी

वॉक सुरू. कालव्याच्या चारीच्या कडेनं, उसातून, गुऱ्हाळापर्यंत आणि परत. संबोधीला सासूबाईंकडं ठेवलं. हवा छान, मन प्रसन्न. गुऱ्हाळावर कढई उतरवत होते. कारागीर यूपीचा, म्हणाला, भाभीजी, गरम गुड़ चखो. पाहुणचाराला नाही कसं म्हणायचं? केळीच्या पानावर थोडासा गूळ आणि वाटीभर काकवी. काकवीत लोह असतं, बाळंतिणीला लागतंच.

आता रोज जाणार. चालण्यानं भूक छान लागते हे कळलं.

६ फेब्रुवारी

चालण्यानं काही उतरत नाही. एका व्हिडिओत बघितलं की फक्त कलिंगड आणि लिंबूपाणी, सात दिवस. संकल्पात सेफली लिहिलं होतं, आणि कलिंगडापेक्षा सेफ काय असतं? सकाळी सुरू केलं.

दुपारी संबोधी छातीशी लागायची, सोडायची, रडायची. दूधच उतरेना. मला भांडी घासताना डोळ्यांपुढं अंधारी आली. सासूबाईंनी ताटली हातातून काढून घेतली आणि म्हणाल्या, आगं बया, तुला काय मिरवायचं ते लेकरू मोठं झाल्यावर मिरव, आत्ता तिच्या तोंडचं काढू नगंस. पिठलं-भाकरी खाल्ली. मग तिच्या वाट्याचं म्हणून अजून एक. संध्याकाळी पोरगी पोटभर प्याली आणि झोपली. तिच्याकडं बघून मला रडू आलं. ते हार्मोन्सचं असतं.

डाएट बंद. लेकरासाठी आईला त्याग करावा लागतो.

८ फेब्रुवारी

डोकं वापरायचं ठरवलं. प्रगती काय करते ते बघायचं आणि तेच करायचं. आजचं निरीक्षण:

भाकरी अर्धीच मोडते, बाकीची ताटाखाली सरकवते. काय तो कंट्रोल.

दुपारी झोपत नाही. सम्यक झोपला तरी खिडकीशी बसून ऊस बघत राहते. मेडिटेशन करत असावी.

कुणाशी बोलत नाही, कशाला हसत नाही. मामा, म्हणजे सासरे, शेळीनं वर्तमानपत्र खाल्लं ते सांगत होते, सगळे हसले, ही नाही. बारीक माणसांना ॲटिट्यूड असतोच.

चहा हातात धरून बसते आणि पूर्ण गार झाला की एका दमात पिते. यात नक्की काहीतरी आहे.

१० फेब्रुवारी

दोन दिवस गार चहा पिला. घसा बसला. वजन तेवढंच.

आज रविवार नव्हता तरी धाकटे दीर सत्यजीत पुण्याहून सुट्टी काढून आले. ते एरवी पंधरवड्यातून एकदा येतात. बायकोसाठी फळांची पिशवी, शिवाय टॉनिकची बाटली. दोघं वर गच्चीवर किती वेळ बसले होते. आमचे हे रोज घरी येतात, पण येताना काय आणतात? कंपनीच्या कँटीनचं उरलेलं फरसाण. आणि ते मीच खाते.

११ फेब्रुवारी

अंघोळ करताना एकदम सुचलं. आपण इतके दिवस एकाच बाजूनं विचार करत होतो. स्टेजवर दोघी सारख्या दिसायला पाहिजेत, एवढंच ना? मग मी खाली यायची काय गरज. तिला वर आणू.

हे सोपं आहे. माझा जन्मच त्यासाठी झालाय.

१२ फेब्रुवारी

आईनं दिलेले डिंकाचे लाडू कपाटात मागं ठेवले होते, फक्त माझ्यासाठी. आज डबा काढला आणि दोन लाडू प्रगतीला दिले. ती म्हणाली, नंतर खाते. नंतर म्हणजे कधी ते मला माहीत आहे. म्हणून समोर मांडी घालून बसले. तिला संशय येऊ नये म्हणून मीही दोन खाल्ले. तिनं एक संपवला. अर्धा तास लागला. मी हलले नाही.

दुपारी तिच्या बाजरीच्या भाकरीचा पापुद्रा उचलून आत चमचाभर तूप सोडलं. वरून काही दिसत नाही.

सासूबाईंनी माझ्याकडं मायेनं बघितलं. म्हणाल्या, थोरली शोभतेस गं. मी मान खाली घातली.

१५ फेब्रुवारी

अडचण अशी की मी समोर नसले तर ती खातच नाही. सकाळी वॉकला गेले, परत येऊन बघते तर शिरा तसाच, वर खपली धरलेली. म्हणजे वॉक बंद करून तिच्याजवळ बसावं लागणार. मोठ्या कामासाठी थोडं सोडावं लागतं.

आई नेहमी म्हणते, दुपारची झोप अंगाला लागते. म्हणून आज जेवणानंतर सम्यकला तिच्याकडून घेतला, म्हणाले, झोप जरा. ती म्हणाली, उठलं तर? मी म्हणाले, उठू दे, मी हाय ना. पडल्या पडल्या झोपली, ती दिवेलागणीलाच उठली. एवढी झोप कुणाला लागते? आळशी आहे, पण आत्ता मला तेच पाहिजे आहे.

दोन बाळं, एकीकडं मांडीवर, एकीकडं झोळीत. एक थांबलं की दुसरं सुरू. माझी कंबर गेली. पण उद्या परत.

१९ फेब्रुवारी

गुऱ्हाळ आठवलं. गरम गुळासारखं अंगावर चढणारं दुसरं काही नाही. प्रगतीला म्हणाले, चल, फिरून येऊ, हवा चांगली असते. पोरं सासूबाई आणि सुवर्णाकडं. ती हळूहळू चालत होती, चारीपर्यंत दोनदा थांबली.

कढईतल्या गुळाचा वास आला आणि ती एकदम रडायलाच लागली. तिच्या माहेरी, कवठ्याला, शेजारी गुऱ्हाळ होतं म्हणे, आई तिथली काकवी आणून भाकरीबरोबर द्यायची. पोरीचं बाळंतपण मी करणार म्हणून चार वर्षं आधीच तिनं मऊ लुगडी फाडून दुपटी शिवून ठेवली होती. आणि मग गेली. हे सगळं तिनं कारागिरासमोर, चुलाणाशी उभं राहून सांगितलं. तो बिचारा पानावर गूळ धरून तसाच उभा.

मला काय करायचं कळेना. मी तिच्या हातात काकवीची वाटी दिली. पूर्ण पिली तिनं. मग माझ्याकडं बघून हसली, म्हणाली, ताई, तुमच्या हनुवटीला गूळ लागलाय.

ही हसते तेव्हा गालाला खळी पडते. आजच दिसली. एवढं एकच कमी होतं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

लसीकरण. सम्यकचं वजन चांगलं वाढलं. प्रगती पंचेचाळीसच्या पुढं गेली. सिस्टर खुश. मी त्याहून खुश, फक्त दाखवलं नाही. सिस्टरनी विचारलं, कुणी खायला घालतं का गं हिला? प्रगतीनं माझ्याकडं बोट केलं. सिस्टर म्हणाल्या, अशी जाऊ पाहिजे. मी म्हणाले, कर्तव्य आहे.

माझं बाहत्तर. हे स्नायूंचं वजन आहे. दोन पोरं उचलते मी.

८ मार्च

लाडू संपले. आईला फोन करून सांगितलं, अजून पाठव. आई म्हणाली, एवढ्यात संपवलेस व्हय गं? आता कसं सांगू. मी म्हणाले, हो.

प्रगती आता स्वतःहून ताट घेऊन माझ्याशेजारी येऊन बसते. कालपासून बोलायलाही लागलीय. बोलायला लागली की थांबत नाही. तिला माणसांच्या नकला फार छान येतात. कोपऱ्यावरच्या काकूंची नक्कल केली तेव्हा सासूबाईंच्या तोंडातलं पाणी उडालं. पूर्वी घरात नकला मी करायचे.

१६ मार्च, रविवार

ब्लाऊजची ट्रायल. माझा कोपरापर्यंत आला आणि तिथंच मुक्काम केला. शहाबानो भाभींनी आतून दोन्ही बाजूंची शिवण उसवली. तरी पुरेना. मग त्यांनी पांढऱ्या अस्तराच्या पट्ट्या काखेखाली घातल्या, म्हणाल्या, पदर नीट घे, कुणाला कळणार न्हाई. मी म्हणाले, ड्रायक्लीनिंगनं कापड आटलं असेल. कोरं कापड होतं.

प्रगतीचा ब्लाऊज तिच्या जानेवारीच्या मापाचा. तिलाही घट्ट झाला. भाभींनी तिचाही थोडा सैल केला. हे माझं यश. मी मनातल्या मनात स्वतःला शाबासकी दिली. आरशात दोघी शेजारी उभ्या राहिलो.

ती चांगली दिसते. म्हणजे जानेवारीत जे होतं ते नुसतं बारीक होतं. आता गाल भरलेत, डोळ्यांखालचं काळं गेलंय, दंड गोल झालेत. मी जेवढं घातलं तेवढं सगळं बरोबर जागेवर जाऊन बसलंय. हे असं होईल हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

२३ मार्च, रविवार. दौंड.

लग्न झालं. सुवर्णा गोड दिसत होती. बुद्धवंदना झाली, मंगल मैत्री झाली, फुलं टाकली. मी पूर्ण वेळ हात अंगाशी धरून उभी, पट्ट्या दिसू नयेत म्हणून. फुलं टाकतानासुद्धा फक्त मनगट हलवलं.

माझ्या शाळेतल्या मैत्रिणींनी स्टेजवर येऊन पहिली कुणाची चौकशी केली? तुझ्या शेजारची ती कोण गं, किती गोड. माझी जाऊ, म्हणाले. त्या म्हणाल्या, बाळंतीण असून कसं तेज आहे बघ. ते तेज माझं आहे, माझ्या आईच्या हातचं आहे, दोन डबे गेलेत त्यात, हे कुणाला सांगणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

जेवणं झाल्यावर मंडपाच्या कडेला सत्यजीत भावोजी आले आणि एकदम पायाच पडले. त्यांनी सांगितलं ते असं. जानेवारीत प्रगती रोज फोनवर रडायची. घास उतरत न्हाई, झोप लागत न्हाई, लेकराला जवळ घेऊ वाटत न्हाई, मलाच काय झालंय कळंना, असं म्हणायची. रक्त कमी होतं, वजन उतरत होतं. सिस्टर म्हणाल्या होत्या, महिन्यात फरक पडला नाही तर पुण्याला मोठ्या डॉक्टरकडं न्यायचं, आणि घरातलं कुणीतरी सतत तिच्याजवळ पाहिजे. भावोजी नोकरी सोडून यायच्या तयारीत होते. कुणाला सांगू नका अशी तिनं शपथ घातली होती. तेवढ्यात वहिनी, तुम्ही आपण होऊन सगळं केलंत, असं म्हणाले.

मला जेवायला बोलावत होते म्हणून मी गेले. माझं जेवण आधीच झालं होतं. परत बसले.

२४ मार्च

दिवसभर मागची पानं वाचली. मेडिटेशन असं लिहिलंय मी. व्हीआयपी असं लिहिलंय.

पण त्या वेळी तसंच दिसत होतं. मी काही डॉक्टर नाही.

२५ मार्च, मंगळवार

मांडवगणला परत. काटा: त्र्याहत्तर. संकल्प बारा किलो उतरवायचा होता, दोन चढले. प्रगती सत्तेचाळीस. आजवर मी ठरवलेली एकच गोष्ट तंतोतंत झाली, ती ही.

दुपारी दोघी जेवायला बसलो. मी सवयीनं तिच्या भाकरीचा पापुद्रा उचलला. तिनं माझा हात धरला. म्हणाली, ताई, आता तूप जरा बेतानं. मी म्हणाले, कसलं तूप? ती म्हणाली, पहिल्या दिवसापासून ठाऊक हाय मला. तुमची भाकरी कोरडी आन् माझीच तुपानं निथळतीय, मला कळत न्हाई व्हय? मला जाड करायला निघाला होता तुम्ही. आणि पोट धरून हसायला लागली, खळी पाडून.

मी म्हणाले, काहीतरीच काय, मी कशाला जळू तुझ्यावर? ती म्हणाली, जळणं मी म्हणलेच न्हाई.

मग भाकरी मोडत मोडत, माझ्याकडं न बघता बोलली. म्हणाली, जळत तर मी होते, ताई. तुम्ही दौंडहून आला तवा मी भाकरतुकडा ओवाळला ना, तवा तुमचे भरलेले हात बघितले, गाल बघितले, आन् आत जाऊन रडले. म्हणलं, हिला आईनं खाऊ घातलंय. अंगावर दिसतंय. माझ्या अंगावर कुणाचं काय दिसतंय?

मी ताट तिच्यापुढं सरकवलं आणि म्हणाले, भाकरी गार होतेय, खा.

तिनं तुपासकट संपवली. मग दोघी पोरांना घेऊन गेलो, तिनं संबोधीला घेतलं, मी सम्यकला. तो आता चांगलाच जड लागतो.